चामडं नको म्हणून

केडगाव,
९ ऑगस्ट १९९८

ती. पुष्पाआत्यास,
सादर जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि गल्लीतल्या बूथवरून ओरडून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहिते.

मशीन आलं! मुंबईत मी ज्या ट्रॉफ्यांच्या कारखान्यात होते तो बंद झाला. त्यांचं जुनं लेसर कोपऱ्यात पडून होतं, ते मालकांनी मला घेऊन जायला सांगितलं. टेम्पोतून उतरवताना सगळी गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं एक्स-रेचं आहे, कोणी म्हणालं पिठाची गिरणी. घराच्या बाजूला पत्र्याची खोली आहे ना, तिच्यात मांडलंय.

तुला कसं सांगू? आपल्या लोखंडी ट्रंकेसारखी एक पेटी, वर काचेचं झाकण. आत दोन रुळांवर एक भिंग इकडून तिकडे सरकतं. भिंगातून किरण खाली पडतो, तो डोळ्यांना दिसत नाही. कॉम्प्युटरवर जे काढलं असेल ते खाली ठेवलेल्या चामड्यावर जळून उमटतं. वेग जास्त आणि जोर कमी ठेवला की नुसतं कोरलं जातं. वेग कमी करून जोर वाढवला की चामडं आरपार कापलं जातं. हे ऐकायला सोपं वाटतं. परवा एका पट्ट्यावर सिंह कोरायला घेतला, तर सिंहाच्या आकाराचं भोक पडलं. आई म्हणाली, "सिंव्ह पळाला वाटतं."

भिंगारच्या बाजारात मच्छिंद्रचं लष्करी सामानाचं दुकान आहे, पट्टे, बिल्ले, शिट्ट्या वगैरे. निवृत्त होणाऱ्या जवानांना भेट म्हणून द्यायला नाव आणि पलटणीचं चिन्ह कोरलेल्या चामडी फायली त्याला हव्या आहेत. पहिलं काम त्याचंच.

आता आबांचं. मशीन आलं तेव्हा तेच पुढे होते. सत्तर वर्षांचा माणूस, पण टेम्पोवाल्याला "हळू, हळू" म्हणत स्वतः हात लावत होते. मी पहिला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला. "कशाचं हाय गं हे?" मी म्हटलं, चामडं. त्यांनी तुकडा मशीनवर ठेवला, बाहेर जाऊन हात धुतले, आणि तेव्हापासून ते खोलीत आलेले नाहीत. माझ्याशी बोलतात, पण मशीनचं नाव काढलं की उठून जातात.

आत्या, मला त्यांची मदत नको आहे, कौतुकही नको. त्यांनी एकदा आत येऊन मशीन चालताना पाहावं, एवढंच. तुझं ते ऐकतात, त्यांना जरा लिही.

तुझी,
यशोधरा

—

देवळाली कॅम्प,
२१ ऑगस्ट १९९८

चि. यशोधरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मला सिस्टरांच्या शाळेतली हस्तकलेची खोली दिसायला लागली. उंच खिडक्या, लांब टेबल, आणि टेबलाच्या मधोमध पाण्याची पितळी वाटी. चामडं आधी ओलं करायचं, मग हाडाच्या काडीने त्यावर रेघ ओढायची. रेघ हळूच आत बसायची, जशी झोपेत गालावर उशीची घडी उमटते. वरच्या वर्गातल्या मुली तापलेल्या सुईने डाग देऊन नक्षी काढत. तुझं मशीन म्हणजे तीच सुई, फक्त कोणाच्या हातात नसलेली.

म्हणून एक सांगते. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं माग. ते जळलं की तपकिरी होतं, छान दिसतं. रसायनात कमावलेलं राखाडी पडतं आणि त्याला घाण वास येतो. आणि आधी कोपऱ्यातल्या कातरणावर करून बघत जा. सिस्टर आम्हाला अख्खा तुकडा कधीच आधी देत नसत.

मी लिलीच्या फुलाची एक खूण केली होती, पुस्तकात ठेवायची. घरी आणून मोठ्या कौतुकाने दादाला, तुझ्या आबांना, दाखवली. त्याने ती चुलीत टाकली. घरभर वास सुटला आणि आई उठून अंगणात जाऊन बसली. मी खूप रडले. शाळेत मला शाबासकी मिळालेली वस्तू होती ती.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. तुलाही पुरतं ठाऊक नसेल, कारण दादा ते बोलत नाही. पारनेरकडच्या आपल्या गावात मेलेलं जनावर ओढायचं काम आपल्या घराकडे होतं. काम म्हणजे हुकूमच. पाटलाचा माणूस दारात येऊन हाक मारी, मग ताटावरून उठून जायचं. दादा दहा-बारा वर्षांचा होता, दोर त्याच्या खांद्यावर असायचा. ओढ्यावर अंग घासून घरी आला तरी आई त्याला बाहेरच जेवायला वाढायची. मग एका वर्षी वडिलांनी दोर खाली ठेवला. गावाने दुकान बंद केलं, दळण बंद केलं. आम्ही चालत भिंगारला आलो. मी कडेवर होते, मला त्यातलं काही आठवत नाही. सिस्टरांची शाळा मिळाली ती मला. वास मिळाला तो दादाला.

तो पायात कातडी वहाण घालत नाही, कमरेला कातडी पट्टा लावत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेसच. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला लिहिते.

तुझी,
आत्या

—

केडगाव,
४ ऑक्टोबर १९९८

ती. आत्यास,
सादर जय भीम.

तू सांगितलेलं सालीतलं चामडं मिळालं. फरक लगेच कळला. आता माझा हात बसलाय. चामड्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावते, म्हणजे काजळी चिकटपट्टीवर बसते आणि नक्षी स्वच्छ निघते. कडा वाकू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वजन ठेवते. मच्छिंद्र फाईल हातात घेऊन म्हणाला, "ताई, हे आमच्या सुभेदारसाहेबांना दिलं तर ते निवृत्त व्हायचं रद्द करतील."

पण घरात सगळं बिघडलंय.

धूर बाहेर काढायला पंखा आहे. त्याचा पाइप खिडकीतून लंकाबाईंच्या अंगणाकडे निघतो. दुसरीकडे काढायला जागाच नाही. परवा दुपारी त्या खिडकीशी येऊन ओरडल्या, "अगं ए, मढं जाळतीस का काय आत? धरम बदलला म्हनं! वास तेवढा न्हाई बदलला."

मी पण म्हटलं, "काकू, तुमच्या पायातली चप्पल कशाची आहे?"

त्या पाय आपटत गेल्या. मला वाटलं, जिंकले. वळून पाहिलं तर दारात आबा पेपर घेऊन बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेपरची घडी केली आणि आत गेले. नंतर आईला म्हणत होते, "गाव सोडून काय झालं? दोर आपल्याच घरात आला परत."

तेव्हापासून ते माझ्या हातचं जेवत नाहीत. आईने केलं तरच खातात. आई मला म्हणाली, "तू नुसतं वाढू नको बाई, ते उठून जातील." आत्या, मी बत्तीस वर्षांची आहे. आपल्याच बापाच्या ताटाजवळ जायचं नाही, हे मला सहन होत नाही. काल मशीनवर गोणपाट टाकलं. आज सकाळी काढलंही. हे काम सोडलं तर मी काय करू?

यशोधरा

—

देवळाली कॅम्प,
१६ ऑक्टोबर १९९८

चि. यशोधरा,

रडू नकोस. मी विचार करत होते आणि मला एक सुचलं. तुझ्या मच्छिंद्रला रेक्झिन चालेल का विचार. मी शिकवत होते त्या शाळेत बक्षिसाच्या वह्यांना रेक्झिनचंच आवरण असायचं, लांबून कोणाला कळत नसे. शिवाय दादा वर्षानुवर्षं रेक्झिनची पिशवी वापरतो, त्याचं त्याला वावडं नाही. जनावराचा संबंधच येत नाही. वासही येणार नाही, लंकाबाईंचं तोंड बंद.

दादाला दाखवताना आधीच सांग की हे कारखान्यात बनतं. तो येईल.

आत्या

—

केडगाव,
२९ नोव्हेंबर १९९८

ती. आत्यास,
सादर जय भीम.

आबा आत आले!

तुझ्या म्हणण्याप्रमाणे रेक्झिन आणलं. मच्छिंद्र जरा नाराज झाला, पण तयार झाला. मी आबांच्या हातात तुकडा दिला. त्यांनी वास घेतला, नखाने खरवडला, उलटा करून मागचं कापड पाहिलं. मग विचारलं, "ह्याच्यावं बी चालतंय का तुझं मशीन?" मी म्हटलं, या आणि बघा. ते उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि आले. भिंग सरकायला लागलं तसे खाली वाकून झाकणातून बघत राहिले. "आयला! हात न्हाई, पाय न्हाई, आन् लिव्हतंय!"

आता ते रोज येतात. लष्कराच्या डेपोत त्यांची उभी हयात सामान लावण्यात गेली, त्यामुळे माझ्या खोलीला शिस्त लागली आहे. त्यांनी आपलं काम ठरवून घेतलंय. नक्षी झाली की झाकण उघडायचं, तुकडा काढायचा, ओल्या फडक्याने काजळी पुसायची आणि चळत लावायची. मी झाकणाला हात लावला तर ओरडतात, "तू तिकडं कॉम्प्युटर बघ." मशीनला अगदी लागून खुर्ची घेतात. दुपारी आम्ही दोघं तिथेच जेवतो. माझ्या हातचं, बरं का.

चामड्यासारखा वास येत नाही, म्हणून पंखा बंद करून पाइप काढून टाकला आणि खिडकी बंद केली. पंख्याच्या घरघरीत आबांना रेडिओ ऐकू येत नव्हता, आणि थंडीही पडली आहे. लंकाबाई कालच आईला म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय."

मशीनचं एक कळत नाही. रुळांवर तांबूस डाग पडायला लागलेत. भिंतीला टांगलेली नवी कात्री पण गंजली. नगरची हवा इतकी कोरडी, मग हे कुठून? तेल लावून ठेवलंय. बाकी डोळे चुरचुरतात, कांदा चिरल्यासारखे. कॉम्प्युटरसमोर बसून होत असेल.

आत्या, तुझ्यामुळे हे झालं. या घरात इतकं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तुझी,
यशोधरा

—

केडगाव
ता. १२ जानेवारी ९९

पुष्पे, जय भीम.

पोरीच्या मशीनपाशी बसून लिवतोय. ती भिंगारला गेलीय फायली द्यायाला.

तुझ्या कानाचं कसं काय? मी बरा हाय. खरं सांगायचं तर बरा न्हाई. दम लागतो. आधी जिन्यावं लागायचा, आता न्हाणीपोत्तर गेलं तरी लागतो. खोकला आला की मी परसात जातो, पोरीला ऐकू जाऊ देत न्हाई. बिडी सोडून लई वर्सं झाली, पन आता वसूल करती म्हनायचं. तू यशीला लिवू नको. तिला कळलं तर ती मला खोलीत येऊ द्यायची न्हाई. घरात भिताडाकडं बघत बसन्यापरास हितं बरं वाटतंय.

दुसरं लिवायचं ते म्हत्त्वाचं हाय. पोरीनं माझ्यासाठी चामडं सोडलं. मला कळतंय. मच्छिंद्र परवा आल्ता, म्हनला, "बाबा, गिऱ्हाईक नाक मुरडतंय, चामडंच मागतंय." पोरगी रेक्झिनच कापीत बसली. माझ्याकडं पन बघितलं न्हाई.

मी इचार केला. आपल्या बापानं टाकला तो दोर टाकला, हुकूम टाकला. चामड्याशी त्याचं काय भांडान हुतं? कुनी दारात येऊन हाळी देतो आन् आपुन ताटावरनं उठतो, ते सोडलं आपुन. माझ्या पोरीला कुनी हाळी दिली न्हाई. ती तिच्या मर्जीनं करती, तिच्या मशीनवर, तिचं नाव सांगून. मग त्यो दोर न्हवं. हे मला समजाया सत्तर वर्सं लागली.

तिला म्हनावं, चामडं आन. मी काजळी पुशीन. मला तोंडानं सांगाया जमत न्हाई, बाप हाय. तू शिकलेली हायेस, तू नीट लिव्ह.

तुझ्या लिलीच्या फुलाचं मला अजून वाईट वाटतं.

सहादू

—

देवळाली कॅम्प,
२३ जानेवारी १९९९

चि. यशोधरा,

आज मोठ्या आनंदाने लिहिते आहे. दादाचं पत्र आलं. ते मी कितीदा वाचलं सांगता येत नाही. रोज तुला लिहायला बसत होते आणि त्याच्यासारखं मला जमत नव्हतं.

त्याने तुला निरोप दिला आहे. चामडं आण. तो म्हणतो, आपल्या वडिलांनी टाकला तो हुकूम होता. तुला कोणी हुकूम केलेला नाही, तू तुझ्या मर्जीने करतेस, म्हणून हा तो दोर नव्हे. तुझी काजळी तो पुसणार आहे, चामड्यावरचीसुद्धा. हे त्याला तुझ्यासमोर बोलता येत नाही. तू त्याला काही विचारू नकोस. नुसतं चामडं आणून मशीनवर ठेव. तो बघेल आणि फडकं ओलं करेल.

शिकलेला तो नव्हे, शिकलेली मी. पण एवढं सरळ मी आयुष्यात कधी लिहिलं नाही.

थंडी आहे, त्याला गरम पाणी देत जा. जास्त वेळ बसू देऊ नकोस.

आत्या

—

केडगाव,
१४ फेब्रुवारी १९९९

ती. आत्यास,
सादर जय भीम.

तू मातीला आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तुझ्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं हे नव्हतं. म्हणून आता लिहिते.

त्या दिवशी मच्छिंद्रची मोठी ऑर्डर होती. सकाळपासून आम्ही दोघं खोलीत होतो, दार लोटलेलं, खिडकी बंद. आबा नेहमीसारखे झाकण उघडत होते, तुकडे काढत होते. दुपारी जेवायला उठले ते खाली बसले. ओठ काळेनिळे. मला हाताने खूण केली की काही नाही. दवाखान्यात नेईपर्यंत त्यांचं बोलणं बंद झालं होतं. दोन दिवस होते. कागदावर दमा लिहिलंय. डॉक्टरांनी विचारलं, काय करतात? मी म्हटलं, रिटायर आहेत, घरीच असतात.

तू परत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, इकडे निघण्याआधी टाकलेलं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं. "तुझी काजळी तो पुसणार आहे" तिथे मला पुढे वाचता आलं नाही. आईला म्हटलं, एवढंच आहे.

म्हणजे ते तयार होते. कधीचे तयार होते. आणि मी त्यांच्यासाठी रेक्झिन जाळत होते.

आता पुढचं. मशीन अडकलं. भिंग सरकेना. मुंबईहून कारखान्यातले जुने मेकॅनिक आले. त्यांनी झाकण उघडून रुळावर बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. मला विचारलं, "यावर रेक्झिन लावता?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, चामडं लावा, लाकूड लावा, रेक्झिन कधीच नाही. ते प्लास्टिक आहे, जळलं की विषारी वायू निघतो. ओलावा मिळाला की त्याचं ॲसिड होतं. बघा, लोखंड कसं खाल्लंय." मग फडक्याला बोट पुसत म्हणाले, "पंखा तरी चालू असतो ना?"

कारखान्यात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथे रेक्झिन कधी यायचंच नाही. चामडं नको म्हणणारे वडील तिथे कोणाचे नव्हते.

आत्या, मला एकच सांग. आबांनी तुला त्या पत्रात दम लागतो असं लिहिलं होतं का? तुझ्या पत्रात शेवटी गरम पाण्याचं आहे, जास्त बसू देऊ नको असं आहे. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते.

यशोधरा

—

देवळाली कॅम्प,
२० फेब्रुवारी १९९९

यशोधरा,

हो. लिहिलं होतं. तुला कळवू नको असंही लिहिलं होतं. मी कळवलं नाही.

रेक्झिन आण, हेही मीच लिहिलं होतं. मी सुचवलं याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही. तू तो टाळलास हे मला दिसलं. टाळू नकोस. आपल्या दोघींचं ते आहे, तू एकटी घेऊ नकोस.

तिथे होते तेव्हा पत्र वाटेत आहे हे मला ठाऊक होतं. तुझ्याकडे बघून मला तोंड उघडता आलं नाही.

आत्या

—

केडगाव,
१७ मार्च १९९९

ती. आत्यास,
सादर जय भीम.

तुझ्यावर माझा राग नाही. असता तर सोपं गेलं असतं.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती मशीनची खोली दाखवते. "हितं बसायचे. शेवटचे दोन महिने लई सुखात गेले त्यांचे. लेकीनं लेकासारखं जवळ बसवलं." बायका माझ्या पाठीवरून हात फिरवतात. लंकाबाईसुद्धा आल्या होत्या, भाकरी घेऊन. मी तिथे उभी असते. एवढंच तिच्याजवळ उरलंय, ते मी कसं काढून घेऊ?

मशीन दुरुस्त झालं. पाइप पुन्हा लावला. चामडं आणलं, सालीतलं. काम चालू आहे, कारण न केलं तर दिवस जात नाही.

आता हे तुला लिहिते आणि कोणालाच नाही. मलाही दम लागतो. आधी वाटलं, रडून असेल. पण जिन्याच्या मध्यावर थांबावं लागतं. सकाळी छातीत शिट्टीसारखं वाजतं. झोपताना दोन उशा घेते. आबा झाकणापाशी असायचे, पण खोली तर तीच होती. आईने एकदा विचारलं, "तुला बी खोकला हाय का गं?" मी म्हटलं, चामड्याच्या धुराने ठसका लागला.

उन्हाळा आला की बरं होईल. आईला कळवू नकोस. तिला आता मीच आहे.

तुझी,
यशोधरा

—

देवळाली कॅम्प,
२२ मार्च १९९९

ती. सौ. — नाही, हात सवयीने लिहून गेला. ती. कलावहिनींस,
सप्रेम जय भीम.

वहिनी, या पाकिटावर मी मुद्दाम तुमचं नाव घातलं आहे. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र यशोधराच तुम्हाला वाचून दाखवते आहे. ती मध्येच थांबली, किंवा एवढंच आहे म्हणाली, तर तिला पुढे वाचायला सांगा. पत्र पानाच्या दोन्ही बाजूंना आहे.

यशोधरा, मोठ्याने वाच.

वहिनी, दादा बिडीने गेला नाही आणि नुसत्या दम्यानेही गेला नाही. त्याला चामडं नको म्हणून आम्ही रेक्झिन आणलं. ते सुचवलं मी. ते जळताना जो वायू निघतो तो विषारी असतो, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि तुमच्या मुलीलाही नव्हतं. वास येत नाही म्हणून खिडकी बंद झाली. दादा त्या झाकणाला लागून बसला होता. त्याला दम लागत होता, तो तुमच्यापासून आणि तिच्यापासून लपवत होता. मला लिहिलं आणि गप्प राहायला सांगितलं. मी गप्प राहिले.

ते दोन महिने तो सुखात होता, हे तुम्ही सगळ्यांना सांगता ते खरं आहे. त्याने स्वतः मला तसं लिहिलं आहे. तेही खोटं नाही. दोन्ही खरं आहे, वहिनी, आणि दोन्ही तुमचंच आहे. तुमच्यापासून अर्धं लपवून ठेवायचा आम्हाला काही अधिकार नव्हता.

तिच्यावर रागवायचं असेल तर आज रागवा. बोलायचं नसेल तर बोलू नका. पण त्याआधी आणखी एक ऐका.

ती त्याच खोलीत होती. तिला दम लागतो. जिन्यावर मध्येच थांबते, दोन उशा घेऊन झोपते, सकाळी छाती वाजते. तुम्ही विचारलंत तेव्हा तिने तुम्हाला खोटं सांगितलं. मला लिहिलं आणि तुम्हाला कळवू नको म्हणाली. एकदा मी असं ऐकलं. आता ऐकणार नाही.

यशोधरा, माझ्यावर चिडून कागद खाली ठेवशील, तर आधी एवढं वाच.

वहिनी, ती हे वाचते आहे तेव्हा शब्दांकडे लक्ष देऊ नका. ती कुठे कुठे थांबते ते ऐका. एका दमात किती ओळी होतात ते ऐका. रडणं वेगळं आणि धाप वेगळी, आईला ते कळतं.

कळलं असेल तर तिच्या हातातून हा कागद घ्या. शनिवारच्या एसटीने मी येते. तिचे दोन जोड कपडे पिशवीत भरून ठेवा, मशीन बंद करा आणि दाराला कडी घाला. आपण तिघी पुण्याला जाणार आहोत, छातीच्या डॉक्टरकडे. तिथे तिने डॉक्टरांना नुसतं घरी असते म्हणून सांगू नये. तुम्ही शेजारी बसून राहा.

तुमची नणंद,
पुष्पावती